बिळाची पारख

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागतं. हा पैठण तालुका मोसंबीचा आणि उन्हाळ्यात बाग जगवायची म्हणजे पाणी साठवायलाच हवं. 2016 साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल एवढ्या मापापर्यंतच्या तळ्याला तिच्यात 50,000 रुपयांपर्यंत अनुदान होतं. तळं खोदलं की निघालेल्या मातीचा चारी बाजूंनी भराव घालतात, आणि त्या भरावात घूस येते.

ती तिथेच का येते, हे जमीन पाहिली की कळतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होते, तिच्यात बीळ टिकत नाही. भराव मात्र उंच, कोरडा आणि भुसभुशीत. पाणी शेजारी, पीक समोर. तळ्यात 500 मायक्रॉनचा कागद अंथरला असेल तर तोही तिच्या दातांपुढे टिकत नाही. कागद नसला तर धोका आणखी वाढतो. बिळामुळे पाण्याला भरावातून पार व्हायचं अंतर कमी होतं, मग आधी ओल, नंतर झिरप, आणि झिरपीबरोबर माती वाहू लागते. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. जीव मातीचा बांध पोखरतात हे खरंच आहे. पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, आणि बिळं शोधून बुजवणं हे माणसाचं काम होतं.

ते काम आपल्याकडे फार जुनं आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात धान्य खाणाऱ्या किडी-उंदरांविरुद्ध एक सूक्त आहे. शेतीवरच्या सहा ईती मोजल्या गेल्या त्यांत अतिवृष्टी आणि अवर्षण यांच्या पंक्तीला उंदीर बसले. कौटिल्याने तर हा विषय राज्यकारभाराचा मानला. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्याबरोबर उंदरांचं संकट येतं. त्यावर मांजरं आणि मुंगसं सोडावीत, त्यांना पकडणाऱ्या-मारणाऱ्याला दंड करावा, निवडुंगाच्या चिकाने माखलेलं धान्य पसरावं, असे उपाय सांगितले आहेत. मूषककर, म्हणजे उंदरांच्याच रूपात भरायचा कर, बसवण्याची तरतूदही तिथेच आहे. उंदीर मोजून घेण्याची कल्पना निदान इतकी जुनी आहे.

पण उंदीर पकडणारे हात कोणाचे होते? याचं सर्वांत स्पष्ट उत्तर वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नोंदीत मिळतं. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाडच्या बाजूला, त्याची नेमणूक होती आणि तिथल्या प्राण्यांवरचं त्याचं टिपण 1839 साली छापलं गेलं. 1826 च्या पावसाळ्यात सुरुवातीला पाऊस कमी पडला तेव्हा मेत्ताड जातीचे उंदीर अतोनात वाढले, असं तो सांगतो. पेरलेलं बी ते उकरून खात, पीक उभं राहिलं की ज्वारीच्या ताटावर चढून कणीस तोडत. शेतंच्या शेतं गेली आणि रयतेला सारा भरता येईना. तेव्हा शेतकऱ्यांनी वडार बोलावले. इतके डझन उंदीर मारले की मापभर धान्य, असा दर ठरला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले, तरी संख्या घटल्याचं जाणवलं नाही.

वडारच का? कारण तळी खोदणारे तेच. माती वडारांनी विहिरी आणि तळी खणली, बांध घातले. कोणत्या मातीत पोकळी आहे, कुठे कुदळ आत जाईल, हे त्यांच्या हाताला कळत असे. घुशीच्या बिळात धान्याची कोठारं असतात. वडार बिळं खणून ते धान्य काढत आणि उंदीर खात, हेही एलियटने नोंदवलं आहे. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते धान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने कधीच गेलेलं होतं. ज्या हातांनी तळं बांधलं तेच हात तळ्याचं रक्षण करत. गावाने त्यांना माप दिलं, मान दिला नाही. याच वडारांची गणना पुढे महाराष्ट्रात विमुक्त जातींत झाली.

1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ उंदीर पुन्हा आले. 1878–79 च्या हंगामात दख्खनची पिकं त्यांनी झोडपली. चितेगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि गोदावरीपलीकडे नगर जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल. त्या बाजूला वडाळा येथे राहणारे अमेरिकन मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी या नासाडीवर टिपण लिहिलं. इंग्रज सरकारने उंदरांवर बक्षीस लावलं.

मोजून पैसे देण्यात एक खोट आहे. 1902 साली हनोईत फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीवर बक्षीस ठेवलं, तेव्हा लोक शेपटी कापून उंदीर सोडून देऊ लागले, काहींनी तर उंदीर पाळले. घुशीची मादी गाभण राहिल्यापासून साधारण 3 आठवड्यांत विते. नुसता आकडा भरायचा असेल तर बिळं कधीच संपू नयेत, हे मोजून घेणाऱ्याच्या हिताचं ठरतं.

पिंजरा या कथेत उशिरा येतो. सपाट दगड काडीवर टेकवून केलेला सापळा किंवा जमिनीत पुरलेलं मडकं या गोष्टी जुन्या. स्प्रिंगचा चाप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. अमेरिकेत विल्यम हुकरने 1894 साली त्याचं पेटंट घेतलं.  आपल्याकडे 1896 साली मुंबईत मांडवीला प्लेग उद्भवला, 1898 साली पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उंदीर-पिसू-माणूस हा दुवा दाखवला आणि पिंजरा हे सरकारी हत्यार झालं. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक आजही रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत फिरतात. त्यांच्याकडूनही रात्रीला 30 उंदरांचा हिशेब मागितला जातो. कौटिल्याचा आकडा तिथवर आला आहे.

कायदाही पाहून घ्यावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फास आणि सापळे दोन्ही येतात, त्यामुळे रानडुकरासाठी मनाने फास लावता येत नाही, परवानगी लागते. उंदीर मात्र उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढली, पण उंदराला संरक्षित यादीत घातलं नाही. तो पकडायला आडकाठी नाही.

राहतं ते कसब, आणि ते पिंजऱ्यात नाही. बिळाच्या तोंडाशी ताजा, ओलसर उकीर दिसला की आत कोणी आहे असं समजावं. घूस तोंड मातीने बुजवून आत बसते, म्हणून उघडं भोक फसवतं. खात्री करायची तर संध्याकाळी भरावावरची सगळी भोकं बंद करावीत आणि सकाळी कोणती उकरली गेली ते पाहावं. जिवंत बिळं तेवढीच. त्यांच्या वाटेवर पिंजरा ठेवावा, भाकरीचा तुकडा किंवा खोबरं अडकवावं आणि पहिल्या दोन-तीन रात्री दार उघडंच बांधून ठेवावं, कारण नव्या वस्तूला घूस बिचकते. झिंक फॉस्फाईडची आमिषं शेतात चालतात, पण तळ्याकाठी मला ती नकोत. पाण्यात मासे असतात आणि विष खाल्लेला उंदीर घुबडाने उचलला तर फुकट राखण करणाऱ्यालाही धोका होऊ शकतो. भरावाशेजारी इंग्रजी टी अक्षरासारखा खांब रोवला तर गव्हाणी घुबड त्यावर येऊन बसतं.

हे सगळं एकट्याच्या तळ्यावर केलं तर वाया जातं. आपला भराव रिकामा झाला की शेजारच्या बांधावरची घूस पावसाळ्याआधी तिथे येते. म्हणून मे महिन्यात, पेरणीच्या आधी, लागून असलेल्या सगळ्या शेतांत एकाच आठवड्यात बिळं पाहावीत, पडीक बांधसुद्धा सोडू नये. त्यासाठी बिळं ओळखणारा माणूस गावात असेलच, त्याला बोलवावं. मजुरी मात्र उंदरांच्या संख्येवर ठरवू नये. संध्याकाळी बुजवलेली भोकं ओळीने आठवडाभर सकाळी तशीच बंद दिसली, तर ठरलेली पूर्ण रक्कम द्यावी, आणि ती सगळ्या शेजाऱ्यांनी वाटून भरावी.