मालकी आमची, वापरा तुम्ही: स्पेक्ट्रमच्या रॉमची गोष्ट

आज आपल्याला एका छोट्याशा परवानगीचा इतिहास बघायचा आहे. छोटीशी म्हणजे किती? तर १६ किलोबाइट. आपण फोनवर काढतो तो साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. पण एवढ्याशा मजकुरावर एका यंत्राची आठवण अवलंबून होती.

ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांचा असतो तसला साधा कॅसेट टेपरेकॉर्डर. लाखो घरांत हे यंत्र पोचलं. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची एक आवृत्ती विकली. अनेक मुलांनी प्रोग्रामिंगची अआइई यावरच गिरवली.

या यंत्रात रॉम नावाची एक चिप होती. बटण दाबलं की काय करायचं, पडद्यावर अक्षर कसं काढायचं, कॅसेट कशी वाचायची, बेसिक भाषेतली आज्ञा कशी समजून घ्यायची, हे सगळं तिच्यात कायमचं लिहिलेलं होतं. केंब्रिजच्या नाइन टाइल्स या छोट्या कंपनीने ते सिंक्लेअरसाठी लिहिलं होतं.

पुढे यंत्रं जुनी झाली, बंद पडू लागली. तेव्हा हौशी प्रोग्रामरांनी एम्युलेटर लिहिले. एम्युलेटर म्हणजे काय? नव्या संगणकाला जुन्या संगणकाचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. आता सोंगाची एक म्हण आपल्याला ठाऊक आहे: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे पैशाच्या जागी रॉम होती, बरं का! प्रोसेसरची नक्कल स्वतःच्या हाताने नव्याने लिहिता येते. रॉम मात्र जशीच्या तशी उतरवून घ्यावी लागते. आणि उतरवून घेणं म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न आला.

मग मालक कोण? सिंक्लेअरने १९८६ मध्ये आपला संगणकांचा व्यवसाय ५० लाख पौंडांना अॅमस्ट्रॅड कंपनीला विकला होता. त्यात स्पेक्ट्रमचे हक्कही गेले. १९९० च्या दशकात एम्युलेटर भराभर पसरले, पण सोबत रॉम द्यायची की नाही, याबद्दल धाकधूक होती. अखेर लोकांनी सरळ अॅमस्ट्रॅडलाच विचारलं. १९९९ मध्ये कंपनीतल्या क्लिफ लॉसन यांनी जाहीर उत्तर दिलं. त्याचा आशय असा: एम्युलेटरसोबत आमची रॉम खुशाल द्या. तिच्यातली कॉपीराइटची ओळ बदलू नका. परवानगी आम्ही दिली आहे आणि हक्क आमच्याकडेच आहेत, असा उल्लेख केलात तर बरं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अॅमस्ट्रॅडने मालकी सोडली नाही. विहीर आमची, पाणी भरा, एवढंच म्हटलं. कंपनीचं त्यात काही गेलं नाही. पण एम्युलेटर लिहिणाऱ्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार गेली.

मात्र ही परवानगी फक्त रॉमपुरती होती. स्पेक्ट्रमचे हजारो गेम वेगवेगळ्या लोकांचे. काहींनी आनंदाने होकार दिला. कोडमास्टर्ससारख्या कंपनीने नकार दिला. नकार का होईना, निदान उत्तर मिळालं. खरी पंचाईत पुढेच आहे. कित्येक कंपन्या बुडाल्या, हक्क कोणाकडे गेले याचा कागद नाही. तिथे विचारायचं कोणाला?

आता जरा हिशोब करू. १९८२ मध्ये २५ वर्षांच्या एखाद्या तरुणाने गेम लिहिला आणि तो ८० वर्षं जगला, तर त्याचा मृत्यू २०३७ मध्ये. ब्रिटनच्या कायद्यात त्यानंतर ७० वर्षं कॉपीराइट, म्हणजे २१०७ पर्यंत. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं. आणि कॅसेटची फीत? ती काही दशकांतच खराब होते. म्हणजे हक्क जिवंत राहतो आणि ज्याच्यावर हक्क आहे ती वस्तूच आधी जाते. कायदा वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. लिहिणाऱ्याच्या मेहनतीला संरक्षण हवंच. पण तो पुस्तकाच्या आयुष्याकडे बघून बेतलेला आहे. पुस्तक शंभर वर्षांनी कपाटातून काढून वाचता येतं. सॉफ्टवेअरला चालायला यंत्र लागतं.

हा प्रश्न फक्त गेमचा नाही, आणि फक्त विलायतेचाही नाही. युनिकोड रुळण्याआधी आपली कितीतरी मराठी पुस्तकं श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर जुळवली गेली. त्या काळातल्या फाइली जशाच्या तशा उघडायच्या तर त्या काळातलं सॉफ्टवेअर चालतं ठेवावं लागेल. म्हणजे उद्या आपल्यालाही कोणाच्या तरी दारात परवानगी मागायला जावं लागणार.

अॅमस्ट्रॅडच्या गोष्टीत मालक माहीत होता, उत्तर देणारा माणूस जागेवर होता, आणि कोणीतरी विचारलं होतं. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून काम झालं. यातली तिसरी तेवढी आपल्या हातात आहे. पहिल्या दोन शिल्लक आहेत तोवर विचारून घ्यावं, आणि मिळालेलं उत्तर लेखी जपून ठेवावं.