शिंपल्या, केळी आणि भात : ग्लुटेन टाळून केळव्याला जाताना

सिलिअॅक आजाराचं निदान झालं की घरचं स्वयंपाकघर दोन-तीन महिन्यांत मार्गी लागतं. अडतं ते सुट्टीत. "डॉक्टर, आता मुलाला घेऊन कुठे जायचंच नाही का?" असं पालक विचारतात. जायचं. पहिल्या प्रवासासाठी मी किनारपट्टी सुचवतो. मुंबईहून जवळचं हवं असेल तर पालघरचं केळवे. सुरूची बनं आणि शितलादेवीचं देऊळ तुम्हाला माहीत असेलच, पण माझं कारण वेगळं आहे. या आजाराच्या इतिहासात याच किनाऱ्यावरचे तीन पदार्थ पुन्हा पुन्हा डोकावतात.

आधी आजार थोडक्यात. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. (राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे; मोहरी खुशाल खा.) आतड्याचं अस्तर झिजतं, अन्न अंगी लागत नाही, मूल खुरटतं.

1888 साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी या आजाराचं नेमकं वर्णन छापलं. आजार बरा व्हायचा तर तो आहारानेच, हे त्यांनी ओळखलं होतं. पण कोणत्या आहाराने? त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य सांगितला आणि पातळ, खरपूस भाजलेला पाव चालवून घेतला! म्हणजे निरपराध बाहेर आणि गुन्हेगार घरात. त्यांच्याच एका रुग्ण मुलाला मात्र रोज साधारण लिटरभर डच शिंपल्या खायला दिल्या गेल्या आणि ते छान सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणं परतलं. शिंपल्यांत औषध नव्हतं. पोट त्यांनीच भरल्यावर पावाला जागा कमी उरत असणार, असं आज वाटतं.

नंतर आली केळी. अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी 1924 मध्ये केळ्यांचा आहार मांडला. त्यात पाव आणि धान्यं बंद होती. मुलं सुधारली, श्रेय केळ्यांना मिळालं. मूल बरं झालं असं समजून पुढे गहू सुरू केला जाई आणि आतडं आतून पुन्हा झिजत राही. आजही "आता त्रास नाही, मग थोडी पोळी देऊ का?" असं विचारलं जातं, तेव्हा मला हास आठवतात.

खरा गुन्हेगार पकडला तो नेदरलँड्सच्या विलेम डिके यांनी. गव्हाचा संशय त्यांना 1930च्या दशकापासून होता. 1944-45च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले, पाव मिळेना. सगळा देश खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परतला तसा त्यांचा आजारही परतला. डिके यांचा प्रबंध 1950 मध्ये आला. सहकाऱ्यांबरोबर केलेल्या पुढच्या कामातून बोट थेट ग्लुटेनवर ठेवलं गेलं.

आपल्याकडे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात या आजाराची प्रतिपिंडं रक्तात असण्याचं प्रमाण शंभरात सव्वा, तर दक्षिणेत हजारात एक निघालं. आजाराची शक्यता वाढवणारी जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. गहू मात्र उत्तरेत दिवसाला सरासरी 455 ग्रॅम खाल्ला जात होता, दक्षिणेत 25 ग्रॅम.

केळव्याचं जुनं ताट या बाबतीत दक्षिणेच्या जवळचं. गव्हाला कोरडी थंडी लागते, ती या दमट किनाऱ्यावर नाही. इथे पिकतो भात. म्हणून तांदळाची भाकरी, भात, मासळी, तिसऱ्या, नारळ, केळी. गहू बाहेरून आला: 1956 नंतर अमेरिकेच्या पीएल-480 करारातला रेशनचा गहू, बेकरीचा पाव, आणि पर्यटकांना ताटात हव्या असलेल्या चपात्या. मला हा इतिहास प्रवासात फार उपयोगी वाटतो, कारण गहू जिथून शिरला तिथेच तुम्हाला प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न रव्याचा. बोंबील, सुरमई, पापलेट रव्यात घोळवून तळतात आणि रवा म्हणजे गहूच. "मासे नुसत्या तांदळाच्या पिठात, वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात कराल का?" असं आदल्या दिवशी फोनवरच विचारा. घरगुती खानावळीत बाई स्वतः रांधत असतील तर हे सहज जमतं; मोठ्या रिसॉर्टच्या बुफेपेक्षा माझा भरवसा अशा चुलीवर जास्त आहे. "ग्लुटेन" हा शब्द वापरू नका. "गहू, मैदा, रवा, शेवया अजिबात नको, डॉक्टरांनी बंद केलंय" एवढं पुरतं.

दुसरा प्रश्न गिरणीचा. भाकरी तांदळाची, पण दळण गव्हावर टाकलेलं असलं तर? हे किरकोळ वाटेल. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लुटेन असतं आणि रोज 50 मिलिग्रॅम, म्हणजे त्याचा चाळिसावा भाग, पोटात गेला तरी आतड्याला इजा होऊ शकते. त्यामुळे तांदळाचं पीठ घरून न्या आणि "याच्याच भाकऱ्या करा, परातही धुऊन घ्या" असं सांगा. कोणी रागावत नाही.

तिसरा हिंगाचा. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आमटी बिनहिंगाची मागा. मोठ्यांसाठी: बिअर जवाची, म्हणून बंद. ताडीत ग्लुटेन नाही, पण याचा अर्थ मी ती लिहून दिली असा घेऊ नका.

निदान न होता, नुसत्या शंकेवरून गहू सोडून प्रवासाला निघू नका. गहू सोडल्यावर रक्ततपासणी आणि बायॉप्सी दोन्ही फसव्या येऊ शकतात. आधी तपासणी, मग पथ्य, मग केळवे.

परतीच्या वाटेवर केळवे रोडला गाडीची वाट बघताना मुलाला भूक लागणारच, आणि स्टेशनावर सगळ्यात आधी दिसतो तो वडापाव. पिशवीत उकडलेली अंडी, शेंगदाणे आणि तिथलीच केळी असू द्या.