आधी हातानं फिरवून बघ: गाडी सुरू करण्याचा इतिहास, शिरोळच्या अंगणातून

नेहमीप्रमाणे हा भाग ऐकायला ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजच्या इतिहासात एक आरोपी आहे, आणि तो मी आहे.

ऑगस्ट २०१९. मी पुण्यात, घरचे सगळे शिरोळमध्ये. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही पात्राबाहेर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद. (शिरोली वेगळी, आमचं शिरोळ वेगळं. बाहेरचे लोक हा घोळ कायम करतात.) तसं नदी दारात येणं आम्हाला नवीन नाही. नरसोबाच्या वाडीत तर नदी देवळात शिरून दक्षिण दारातनं बाहेर पडली की लोक त्या पाण्यात स्नानाला जातात, सोहळाच असतो तो. २००५ चा पूरही घरात सगळ्यांना आठवत होता. त्यामुळे "तेवढंच येईल" या हिशोबानं आमच्याकडे सामान माळ्यावर गेलं, माणसं जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेली आणि गाडी अंगणात राहिली. पाणी बॉनेटच्या वर चढलं.

पाणी उतरल्यावर बाबांचा फोन आला. बॅटरी मेलेली होती, म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी लावून त्यांनी चावी मारली होती. "एकदाच 'ठक्' वाजतंय आणि गप्प," म्हणाले. मी बीटेक, घरातला इंजिनिअर! पुण्यात बसून निदान केलं: स्टार्टरमध्ये पाणी गेलंय, स्टार्टर जाम. उपाय सांगितला: ट्रॅक्टरला बांधा, ओढा, दुसरा गिअर टाकून क्लच सोडा.

मागनं आबांचा आवाज आला, "अगुदर हातानं फिरवून बघा म्हणावं त्येला."

मी हसलो. "आबा, आताच्या गाड्यांना हँडल नसतंय."

गाडी ओढली. चाकं थोडी घसटली, मग आतून मोठा आवाज आला, आणि वर्कशॉपमध्ये इंजिन उघडल्यावर दोन कनेक्टिंग रॉड वाकलेले निघाले. विमा कंपनीनं बाकीचं नुकसान मान्य केलं, पण इंजिनाचं नाही. म्हणे, पुरानं इंजिन बिघडलं नाही, तुम्ही चालवायचा प्रयत्न केल्यामुळं बिघडलं; इंजिनसाठीचं जादा संरक्षण तुम्ही घेतलेलंच नाही. राग आला खरा, पण तांत्रिकदृष्ट्या त्यांचं वाक्य बरोबर होतं. मीच बिघडवलं होतं. फोनवरून.

मग मी आबांच्या त्या एका वाक्याचा माग काढत मागे मागे गेलो. आजचा भाग म्हणजे तोच प्रवास.

अगदी पहिल्यापासून सुरू करू. कार्ल बेंझनं जानेवारी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट मागितलं. ती गाडी सुरू करायची म्हणजे मागचं आडवं फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून फिरवायचं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचं अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ठिणगीच्या वायरचं आवरण गेलं, तिथं पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातनं विकत घेतलं, कारण पेट्रोल पंप नावाची गोष्टच नव्हती. रस्त्यावर बंद पडलेली गाडी दुरुस्त करण्याच्या इतिहासात पहिलं नाव एका बाईचं आहे. गॅरेजमध्ये "मॅडम, साहेबांना पाठवा" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आणि बघा, इंधन आणि ठिणगी, दोन्ही बिघाड पहिल्याच लांब प्रवासात आले. तिसरी हवा. इंजिनाला हवा आणि इंधन आत घेऊन दाबता आलं पाहिजे, मग ते पेटलं पाहिजे. पेट्रोलमध्ये ठिणगीनं पेटतं, डिझेलमध्ये दाबाच्या उष्णतेनंच. आणि हे चक्र पहिल्यांदा कुणीतरी बाहेरून फिरवून द्यावं लागतं. गाडी सुरू होत नाही म्हणजे यातलं काहीतरी एक नाही. सव्वाशे वर्षांत यादी तेवढीच आहे. फिरवून देणारा मात्र बदलत गेला.

फ्लायव्हीलच्या जागी पुढे हँडल आलं. बंपरच्या भोकातून आत घालायचं आणि झटका द्यायचा. त्यात धोका असा, की ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल हातावर येतं. मनगटाजवळचं हाड मोडायचं. इतक्या चालकांचं मोडलं, की वैद्यकशास्त्रात त्या मोडीचं नावच 'शोफर्स फ्रॅक्चर' पडलं. शोफर हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ 'तापवणारा', वाफेच्या इंजिनात कोळसा सारणारा.

यावर इलाज काढला अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं. हा माणूस आधी दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथं त्यानं विजेवर उघडणारा गल्ला केला होता. बाकीच्यांचा हिशोब असा होता, की इंजिन फिरवण्याइतकी ताकद हवी तर मोटर इंजिनाएवढीच मोठी लागणार. केटरिंगनं गल्ल्यावरून ओळखलं, की ही मोटर दिवसभर चालवायचीच नाहीये! काही सेकंद तिच्याकडून तिच्या ऐपतीबाहेरचं काम करून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला. आजही मेकॅनिक सांगतात, सेल्फ सलग पाच-दहा सेकंदांच्या वर दाबू नका, मध्ये थांबा. कारण तेच.

आपल्याकडे हँडल बराच काळ टिकलं. जीप, ॲम्बॅसॅडर, जुन्या फियाट यांना ते असायचं, बॅटरी बसली की डिकीतून निघायचं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा कोळशाच्या गॅसवर बस आणि मोटारी चालवल्या गेल्या. तिथं तर हँडल मारायच्याही आधी भट्टी पेटवून गॅस धरेपर्यंत वाट बघायची. आज सिग्नलला आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत बसून हे कल्पनेतच आणावं लागतं.

पण आबांचं वाक्य मोटारीतून आलेलं नव्हतं. ते आलं ऑइल इंजिनातून.

शिरोळ तालुका म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे पाणी. वीज शेतावर पोचायच्या आधी नदीचं पाणी उचलायला काठावर डिझेलची इंजिनं बसायची. हा आमचा सगळा पट्टाच यंत्रांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना हलवला, तो किर्लोस्करवाडी, आमच्यापासून फार लांब नाही. लोखंडी नांगरापासून सुरू झालेलं ते घराणं १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाच्या कंपनीपर्यंत पोचलं. इकडे कोल्हापुरात उद्यमनगरच्या फौंड्र्या आणि लेथांवर इंजिनांचे सुटे भाग होऊ लागले. शाळा न शिकलेली माणसं कानानं इंजिन ओळखायला शिकली ती याच काळात.

आबांचं इंजिन एक सिलिंडरचं. ते सुरू करायची रीत मी आता त्यांच्याकडून तीनदा ऐकलीय. वर एक छोटा खटका असतो. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहतो, आतली हवा दाबली जात नाही आणि इंजिन हलकं फिरतं. हँडल लावायचं, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीला वेढा घालायचा नाही. उलटा झटका आला तर हात सुटला पाहिजे. आधी सावकाश एक-दोन फेरे. मग वेग वाढवत न्यायचा आणि फ्लायव्हील जोरात आलं की खटका पाडायचा. धाड धाड धाड. नाहीच धरलं तर डिझेलच्या लाइनीनं हवा घेतलीय. नट ढिला करून, बुडबुडे जाईपर्यंत हवा काढायची.

या रीतीत ते सुरुवातीचे सावकाश फेरे कशाला? मला वाटायचं, तेल पसरायला. तेही आहेच. पण आबा म्हणाले, "पुराचं इंजिन वर काढलं, की पयलं हातानं फिरवायचं. आत पाणी असलं तर हात सांगतो."

हात सांगतो. त्याचं गणित मी नंतर कागदावर केलं. आमच्या गाडीचं इंजिन साधारण १२५० सीसीचं, चार सिलिंडर. म्हणजे एका सिलिंडरला तीनशे बारा सीसीच्या आसपास. डिझेलचा दाबाचा रेशो साडेसतरा-अठरा धरला, तर पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा उरलेली जागा जेमतेम अठरा-एकोणीस मिलिलिटर. चहाचे चार चमचे! हवा तेवढ्यात मावते, कारण हवा दबते. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाच चमचे पाणी असेल तर पिस्टन वर पोचूच शकत नाही. अशा वेळी हँडल मारणाऱ्याचा हात जागीच अडतो, आणि माणूस विचार करतो. सेल्फ असेल तर 'ठक्' वाजून अडतो. तोही बिचारा सांगतच होता. ट्रॅक्टर अडत नाही. ट्रॅक्टर ओढतो, चाकं फिरतात, क्रँक फिरते, आणि मधला रॉड वाकतो.

म्हणजे हँडल हे गाडी सुरू करायचं साधन होतंच, शिवाय आत काय चाललंय हे कळायचं सगळ्यात स्वस्त यंत्रही तेच होतं. केटरिंगनं मनगटं वाचवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवशी इंजिन आणि माणूस यांच्यामधून हात निघाला.

मग मधला काळ, बाबांचा. त्यांनी जुनी पद्मिनी घेतली होती. हात निघाला तरी नाक, कान आणि डोळे अजून कामात होते. थंडीत चोक ओढायचा. जास्त ओढला तर पेट्रोलचा वास यायचा, म्हणजे ओव्हरफ्लो, म्हणजे दहा मिनिटं गप्प बसा. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली, तर एसी पंपावर ओलं फडकं. हा एसी थंड हवेचा नव्हे, पेट्रोल ओढणारा पंप. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसतीच वाफ ओढत बसतो. खंबाटकीत टोपण न उघडता रेडिएटर निवायची वाट बघणारी रांग ज्यांनी पाहिलीय, त्यांना बाकी सांगायला नको. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासणं आणि स्कूटर सुरू नाही झाली तर आडवी करून उभी करणं, हे तर घरोघरी.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, हळूहळू कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, आणि इंजिनाचा कारभार एका बंद डबीत गेला. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ही डबी आवडते. ती चुकांची नोंद ठेवते. पी-०३३५ म्हणजे क्रँकच्या सेन्सरचा सिग्नल नाही. तो नसेल तर ठिणगी कधी टाकायची हेच डबीला कळत नाही, गाडी नुसती फिरत राहते, धरत नाही. पण डबीला तेवढंच दिसतं जेवढे सेन्सर दिलेत. सिलिंडरमध्ये पाणी आहे, असा कोड मला कुठल्या यादीत सापडलेला नाही.

म्हणून अजूनही कान लागतोच. चावी फिरवल्यावर भराभर 'कट् कट् कट्' आणि दिवे मंद होत असतील तर बॅटरी कमजोर, नाहीतर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी. पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते, बाराच्या खाली गेली तर भरायला द्या. दिवे लख्ख आणि तरीही काहीच आवाज नाही, तर सेल्फ किंवा त्याची वायर, आणि आमच्याकडे ऊसतोडीनंतर हमखास उंदीर. शेत रिकामं झालं की ते बॉनेटखाली येतात. इंजिन नीट फिरतंय पण धरत नाही, तर इंधन, ठिणगी, नाहीतर चावीची चिप. आणि एकच घट्ट 'ठक्', दिवे असताना, तेही पाण्यातून गेल्यावर? तिथं थांबा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ओढू नका, ढकलू नका.

जुलै २०२१ ला परत पूर आला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. यावेळी ३९ ऐकताच बाबांनी गाडी जयसिंगपूरला उंचावर नेऊन लावली. चुलतभावाची मोटारसायकल मात्र गोठ्यात राहिली आणि बुडाली. पाणी उतरल्यावर मी पुण्याहून आलो होतो. आबांनी अंगणात खुर्ची टाकून घेतली. प्लग काढला, एअर फिल्टर काढला, कार्ब्युरेटर रिकामा केला, इंजिन ऑइल सोडलं, तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. मग प्लगच्या भोकावर फडकं धरून मी किक हातानंच सावकाश दाबली.

फडकं ओलं झालं. अजून एकदा, अजून एकदा. सातव्या-आठव्या वेळी कोरडं निघालं.

"आता घाल त्याल," आबा म्हणाले.