विळ्याच्या पेशी आणि छातीतली धाप

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मोठ्या माणसाला धाप लागू लागली, खोकला हटेना, तर कारण शोधायला लांब जावे लागत नाही. कारखान्यांचा धूर आहे, धूळ आहे, दमा आहे. क्षयाची शंका तर पहिलीच. या शंका रास्तच आहेत. पण विदर्भ-खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबेही इथे आहेत, आणि त्या मुलखात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सिकलसेल म्हटले की आपल्याला सांधेदुखी आणि रक्तक्षय आठवतो, फुप्फुसे आठवत नाहीत. वास्तविक आधुनिक वैद्यकाला या आजाराची पहिली ओळख पटली ती खोकल्याच्या रुग्णामुळे!

वॉल्टर क्लेमंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा वीस वर्षांचा तरुण १९०४ साली दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला आला. त्याच डिसेंबरात खोकला आणि ताप घेऊन तो रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा काही तांबड्या पेशी गोल नसून लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून मायदेशी परतला, दवाखाना चालवू लागला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला. आजाराची सुरुवात छातीतून, शेवटही छातीतूनच.

पुढे संशोधकांची नजर खिळली ती पेशीवर. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवले. १९५६ मध्ये इन्ग्रॅमला त्यातला नेमका बदल सापडू लागला: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, बस्स एवढाच. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. छातीच्या विकाराला 'अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम' हे नाव मिळायला मात्र १९७९ साल उजाडले.

तेथे घडते काय? प्राणवायू सोडला की सदोष हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशी वाकते. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की ती बहुधा पुन्हा सरळ होते. पण संसर्गाने फुप्फुसाचा एखादा भाग बंद पडला, तर तिथून जाणाऱ्या रक्ताला प्राणवायू मिळत नाही. पेशी वाकलेल्याच राहतात, बारीक वाहिन्या तुंबतात आणि आणखी भाग बंद पडतो. हे दुष्टचक्र काही तासांतही जीवघेणे ठरते. कधी हाडांतल्या मज्जेची चरबीच रक्तातून येऊन फुप्फुसात अडकते. म्हणून हातपाय दुखून दाखल झालेल्या प्रौढाला दोन-तीन दिवसांनी ताप, छातीत दुखणे, धाप सुरू झाली, तर ते साधे सर्दीपडसे समजू नये. दुसरा प्रकार संथ आहे. पेशी सतत फुटत राहतात आणि काही प्रौढांत फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब चढतो. जिना चढताना दम लागतो आणि माणूस म्हणतो, वय झाले.

१९९५ मध्ये हायड्रॉक्सीयुरियाने प्रौढांतले वेदनेचे आणि छातीचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात हे सिद्ध झाले.

उल्हासनगरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फाळणीनंतर येथे सिंधी समाज वसला, आणि या समाजात थॅलॅसेमियाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. आई थॅलॅसेमियाची वाहक, वडील सिकलसेलचे वाहक, दोघेही ठणठणीत. पण प्रत्येक अपत्याला चारात एक या प्रमाणात दोन्ही जनुके मिळण्याची शक्यता असते. त्याला होणारा सिकल-थॅलॅसेमियाही छातीवर तसाच उठतो. शाळा-शिबिरांतली झटपट होणारी विद्राव्यता चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. चाचणी होकारार्थी आलेला माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळते.