कागलचे सर्जेराव आणि पगार थकलेली पेशवाई

एखाद्या बलाढ्य राज्याचे सरकार कोसळले तर काय होईल, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राजधानीवरचे निशाण उतरण्याचा दिवस येतो. मराठी मुलखात तो दिवस १७ नोव्हेंबर १८१७ हा. त्या दिवशी शनिवारवाड्यावर कंपनी सरकारचे निशाण चढले. माझे म्हणणे असे की रयतेच्या दृष्टीने सर्वांत वाईट काळ त्या दिवसानंतरचा नव्हे, आधीच्या वीस वर्षांचा. त्या वीस वर्षांत सरकार होते, शिक्के-मोर्तब होते, दरबार भरत होता. फक्त फौजेचा पगार भागवण्याची ऐपत उरली नव्हती. हे नीट समजून घ्यायचे तर पुण्याइतकेच दूधगंगेकाठच्या कागलकडे, तिथल्या घाटगे घराण्याकडे पाहावे लागते.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, तेव्हा मराठी राज्य मोडकळीला आले आहे असे कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले. गादीला वारस नव्हता. वर्षभर मसलती आणि उलटमसलती चालल्या, आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे झाले. गादीसाठी त्यांनी दौलतराव शिंद्यांना दोन कोटी रुपये कबूल केले होते, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. एवढी रक्कम खजिन्यात कुठून असणार? इकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी पुण्याभोवती तळ देऊन होत्या आणि त्यांचा खर्च रोजचा होता. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणीस कैद झाले. पुढच्या काही महिन्यांत कागलच्या सखाराम घाटग्यांची मुलगी बायजाबाई दौलतरावांना दिली गेली आणि सखारामराव, म्हणजेच इतिहासातले सर्जेराव, शिंद्यांचे दिवाण झाले. पुण्याच्या धनिकांकडून पैसा काढावा, ही सूचना खुद्द बाजीरावांची होती. सावकार, व्यापारी, नानांच्या पक्षाचे कारभारी यांना धरून आणले गेले, मारहाण झाली. एकाला तापलेल्या तोफेला बांधले आणि त्यातच त्याचा जीव गेला. शहर लुटले जात होते, पण लुटणारा परका नव्हता. राज्यातल्या सर्वांत मोठ्या सरदाराचा दिवाण पेशव्याच्या संमतीने राज्याचीच राजधानी पिळत होता.

यात गेला तो केवळ काही घरांचा पैसा, असे समजणे चूक होईल. मराठी राज्याचा गाडा सावकाराच्या उसनवारीवर चाले. वसूल पीक हाती आल्यावर येई, फौजेला दाणापाणी मात्र बारा महिने लागे. मधली तूट भरण्यासाठी मामलेदार सरकारात आगाऊ रसद भरत आणि तीसुद्धा पुष्कळदा सावकाराकडून उचलून. सावकाराला चाबकाखाली आणल्यावर त्याने विश्वासाने पुढचे कर्ज का द्यावे? उधारीचा मार्ग असा आटल्यावर बाजीरावांच्या कारभारात मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, आणि मक्तेदाराने ती रक्कम व्याजासकट रयतेकडून काढली. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात या मक्तेपद्धतीवर सविस्तर लिहिले आहे. फ्रान्सच्या राजसत्तेची गतही अशीच झाली. बास्तीय पडण्याच्या वर्षभर आधी, ऑगस्ट १७८८ मध्ये, तिथल्या खजिन्याने देणी थांबवली होती.

यावर कोणी म्हणेल की दोष एका क्रूर माणसाचा आहे, तो राज्यव्यवस्थेच्या माथी कशाला मारता? सर्जेरावांच्या क्रौर्यावर मी पांघरूण घालत नाही. दौलतरावांच्या आधीचे शिंदे महादजी यांच्या विधवांचीही त्यांनी विटंबना केली आणि त्यातून शिंद्यांच्या बायांचे बंड पेटले. पण १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव करून यशवंतराव होळकर पुण्यात आले, तेव्हा त्यांच्याही फौजेचा पगार थकलेला होता आणि शहराला पुन्हा पैसा मोजावा लागला. १८०९ मध्ये सर्जेराव शिंद्यांच्या छावणीतच मारले गेले, तरी मक्ते चालूच राहिले. माणूस बदलून भागत नव्हते, कारण पैशाचा तुटवडा तसाच होता.

कागलच्या आसपास या पडझडीचा अर्थ आणखी जवळून कळतो. पुण्याचा धाक सुटताच करवीर म्हणजे कोल्हापूरचे राज्य आणि पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्यातले जुने वैर उसळले. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीला परशुरामभाऊ पटवर्धन पडले आणि लगेच कोल्हापूरला वेढा बसला. शेजारी निपाणीचे आप्पा देसाई बळावले आणि करवीरकरांशी वर्षानुवर्षे झुंजत राहिले. अशा पट्ट्यात वसूल नेमका कोणाला भरायचा, हाच गावापुढचा प्रश्न असे. त्यातच १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. तगाई द्यायला, सूट द्यायला ज्याच्याकडे जावे असे सरकार जागेवर नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. १८१८ मध्ये गादी घ्यायला इंग्रज तयार उभा होता, म्हणून अराजक माजले नाही. तसा कोणी नसता तर? हे बरोबर आहे. पण इंग्रजांना इतक्या लवकर घडी बसवता आली, कारण गाव उभे होते. पाटील होता, कुलकर्ण्याचे दप्तर होते, बलुतेदार होते. एल्फिन्स्टनने ते मोडले नाही, जहागीरदारांनाही बहुतांशी जागच्या जागी ठेवले. राज्य गेले, वतन राहिले.

आणि इथेच मला या टिकण्याचे कौतुक करताना थांबावेसे वाटते. ज्या चौकटीने गाव सावरले, तिनेच महारांना तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या वेठीला बांधून ठेवले आणि लिहिण्या-मोजण्याची सत्ता एका घरात कोंडली. निशाण बदलले त्या वर्षी यातले काहीच बदलले नाही. ते बदलायला शंभर वर्षे लागली, आणि बदलणारा माणूस कागलच्या त्याच घाटगे घराण्यातला. जयसिंगराव घाटग्यांचे पुत्र यशवंतराव १८८४ मध्ये करवीरला दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनही रद्द केले. दोनच वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून जाहीर मान दिला. ते माणगाव तेव्हा कागल जहागिरीत होते.