जबड्याचा जमाखर्च

आपल्याला जबडा आहे, ही गोष्ट मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळली. तोपर्यंत जबडा असतो तो सिंहाला नाहीतर मगरीला, अशी माझी समजूत. माणसाला फार तर थोबाड असतं. एका रविवारी संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीसमोर द्रोण धरून उभा होतो. पहिली पुरी तोंडाशी नेली आणि तोंड पुरीच्या मापाचं उघडेचना! कानापाशी ‘कट्’ असा आवाज झाला, पुरी फुटली आणि चिंचेचं पाणी शर्टावर सांडलं. गाडीवाला म्हणाला, “साहेब, आधी तोंड उघडायचं असतं.” त्याला काय सांगणार?

त्या दिवशी जे दुखणं मुक्कामाला आलं, ते आठ महिने हललं नाही. सकाळी कानात, दुपारी कानशिलात, रात्री खालच्या दाढेत. कानाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून कान उत्तम असल्याचा दाखला दिला. दातांच्या डॉक्टरांचा दाढेवर संशय होता, म्हणून त्यांनी ती काढली. मी ती पुडीत बांधून घरी आणली. त्याच रात्री, जिथे दाढ नव्हती तिथे दाढ दुखू लागली. खातं बंद झाल्यावरही त्यावर व्याज चढत राहावं, तसला प्रकार. बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात याची तरतूद नव्हती.

दुखणं लांबलं की माणूस एकतर देवाकडे वळतो नाहीतर पुस्तकांकडे. मी गरम पाण्याची पिशवी गालाला लावून वाचत सुटलो. आणि कळलं ते असं, की मी ज्या रांगेत उभा होतो ती निदान साडेतीन हजार वर्षं जुनी आहे.

रांगेच्या तोंडाशी एक इजिप्शियन गृहस्थ आहे. १८६२ साली लक्सर इथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. ती लिहिली गेली इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास, आणि तीही आणखी जुन्या मजकुराची नक्कल. जेम्स ब्रेस्टेड या पंडिताने १९३० साली तिचं भाषांतर छापलं, तेव्हा जगाला कळलं की हे शस्त्रक्रियेचं पुस्तक आहे. त्यात ४८ रुग्णांची प्रकरणं आहेत, आणि वैद्यबुवा प्रत्येकावर तीनपैकी एक शेरा मारतात : बरं करीन, झुंज देईन, किंवा उपाय नाही. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर मंजूर, बघू आणि नामंजूर असे शेरे असतात, तेच हे. पंचविसावं प्रकरण जबडा निखळून तोंड उघडं राहिलेल्या माणसाचं आहे. उपाय असा : दोन्ही अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेवा, बाकीची बोटं हनुवटीखाली धरा आणि जबडा जागेवर बसवा. शेरा : बरं करीन. अर्ज मंजूर!

आता आपल्याकडे या. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय आहे. तिथे उघड्या राहिलेल्या तोंडाला उपाय सांगितला आहे : आधी शेक द्यावा, मग अंगठ्यांनी जबडा दाबून तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. सुश्रुतही आधी शेकायला सांगतो आणि मग वर पट्टी बांधतो. नाईलच्या काठी आणि आपल्याकडे, अंगठे तेच आणि हनुवटीही तीच. शिवाय चरकाने तोंडात तेल धरून ठेवण्याचे फायदे सांगताना जबड्याला बळ येतं हेही लिहून ठेवलं आहे. हे वाचून मी दोन दिवस तिळाचं तेल तोंडात धरलं. तिसऱ्या दिवशी आमची ही म्हणाली, “तेवढा वेळ घरात शांतता असते, चालू ठेवा.”

आणि हनुमानाला विसरून कसं चालेल? बाळपणी सूर्याला फळ समजून झेप घेतली, इंद्राने वज्र मारलं, ते हनुवटीवर लागलं आणि म्हणून नाव हनुमान. आपल्या देशातला सर्वांत प्रसिद्ध जबड्याचा रुग्ण तोच. दर शनिवारी आपण त्याला तेल वाहतो. याची कारणं पुराणिकबुवा वेगळी सांगतील. पण जबड्याला मार बसलेल्या देवाला न चुकता तेल घालणारा समाज अगदीच अडाणी नसावा, असं माझं आपलं मत आहे.

ग्रीसचा हिपोक्रेटिस हाच धडा आणखी पुढे नेतो. सांध्यांवरच्या ग्रंथात तो निखळलेला जबडा बसवण्याची रीत देतो. त्याच ग्रंथात तो असंही म्हणतो, की वैद्याला चोळण्याची विद्या आली पाहिजे; कारण चोळण्याने ढिला सांधा आवळता येतो आणि आखडलेला सैल करता येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या योहान मेझगरने मुरगळलेल्या पायाच्या मालिशीवर १८६८ साली चक्क प्रबंध लिहिला, आणि त्याच्यामुळे युरोपातल्या डॉक्टरमंडळीत मालिशीला प्रतिष्ठा आली. या पंथात हातांच्या हालचालींना फ्रेंच नावं आहेत. गोंजारलं की एफ्लुराज, तिंबलं की पेत्रिसाज, थापटलं की तापोतमाँ. आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी हजामतीनंतर ही तिन्ही करतो, पण फ्रेंच येत नसल्यामुळे वेगळे पैसे लावत नाही.

इथपर्यंत सगळं हातांच्या भरवशावर चाललं होतं. घोटाळा झाला तो विसाव्या शतकात. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातल्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ११ रुग्णांचा अहवाल छापला. कान दुखतो, कान भरल्यासारखा वाटतो, आणि कानात तर काही सापडत नाही. त्यांनी बोट ठेवलं ते कानापुढच्या जबड्याच्या सांध्यावर, आणि त्याबद्दल माझ्यासारख्यांनी त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण कारण त्यांनी दिलं ते असं : मागच्या दाढा गेल्या, की जबडा जास्त मिटतो आणि सांध्याजवळच्या नसा दाबल्या जातात. झालं! दातांची उंची वाढवण्याचा धंदा सुरू झाला. १९४८ साली हॅरी सिशर या शरीररचनेच्या अभ्यासकाने दाखवून दिलं, की नसा तशा दाबल्या जाणं मुळात रचनेतच बसत नाही. माझ्या बाबतीत तर सगळाच क्रम उलटा. कॉस्टेनसाहेबांच्या मते दाढ जाते आणि मग दुखतं. माझं आधी दुखलं आणि मग दाढ गेली.

तेव्हा हा सांधा आहे तरी कसा? बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते जॉइंट अकाउंट आहे. खालचा जबडा हे एकच हाड, पण त्याला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सांधे. दोघांच्या सह्या झाल्याखेरीज व्यवहार होत नाही. बरं, प्रत्येक सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि खणासारखा पुढे सरकतोही. आणि हे सगळं ओढायला गालात एक जाड स्नायू आहे, मॅसेटर नावाचा. ग्रीक भाषेत याचा अर्थ चावणारा. दात आवळून गालावर हात ठेवा, टणक लागेल तो हाच.

१९५० नंतर लक्ष सांध्यावरून या स्नायूकडे गेलं. जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. १९६१ साली त्या केनेडींच्या वैद्य म्हणून व्हाइट हाउसमध्ये गेल्या. अमेरिकन अध्यक्षांच्या खासगी डॉक्टर झालेली ती पहिली स्त्री. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी लिहिलं होतं, की जबड्याच्या सांध्यात जाणवणारी कळ पुष्कळदा डोक्यामानेच्या स्नायूंतून आलेली असते. स्नायूत एखादी आखडलेली दुखरी जागा असते आणि दुखतं भलतीकडेच. खातं एका शाखेत, नोटीस दुसऱ्या शाखेत! मॅसेटरची नोटीस जाते दाढेला आणि कानाला. हे वाचलं आणि मी पुडीतली दाढ काढून पाहिली. बिचारी निष्पाप होती. या दुखऱ्या जागांबद्दल विद्वानांचे आजही वाद आहेत, पण माझ्या दाढेच्या बाजूने एवढा पुरावा पुरे आहे.

मग १९६९ साली डॅनियल लास्किन यांनी पुढचा प्रश्न विचारला : स्नायू आखडतो का? त्यांचं उत्तर : मनावर ताण येतो, माणूस नकळत दात आवळतो, स्नायू थकतो आणि दुखतो. हे सांगायला अमेरिकेला १९६९ साल उजाडावं लागलं. आमच्या मराठीत राग आला की माणूस पूर्वीपासूनच दातओठ खातो. साहेबांपुढे त्याची दातखीळ बसते. शब्द तो गिळतो. रोगाचं सगळं निदान आमच्या आज्यांच्या तोंडी होतं, फक्त अहवाल छापायचा राहिला.

एवढं कळूनही शहाणपण लगेच आलं नाही. १९८० नंतर अमेरिकेत कित्येकांच्या सांध्यात टेफ्लॉनचे कृत्रिम तुकडे बसवले गेले. ते झिजले, त्यांच्या कणांनी आसपासचं हाड खाल्लं, आणि १९९० च्या अखेरीस तिथल्या औषध प्रशासनाला धोक्याची सूचना काढावी लागली. साध्या दुखण्यासाठी गेलेली माणसं आयुष्यभराचं दुखणं घेऊन परत आली. माझी एक दाढच गेली, म्हणजे मी स्वस्तात सुटलो. अखेर २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जुनाट जबडेदुखीवर तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. हाताने सांधा हलवणं, स्नायूतल्या दुखऱ्या जागा दाबून सैल करणं, जबड्याचे व्यायाम, ताण हाताळायला शिकणं, हे जोरात करा. सांध्यातली चकती कापून काढू नका. साडेतीन हजार वर्षांनी फाइल फिरून परत अंगठ्याच्या टेबलावर आली होती.

ती फाइल घेऊन मी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. तिने मला ‘काका’ म्हटलं, तो ताण वेगळाच. माझीच तीन बोटं उभी धरून माझ्या तोंडात घालायला सांगितली. निरोगी तोंडात साधारण तीन बोटं मावतात. माझ्या तोंडात दीड मावलं. मग तिने हातमोजा चढवला, अंगठा गालाच्या आतून आणि बोटं बाहेरून धरली आणि मॅसेटर हळूहळू असा दाबत गेली, की आधी मला तारे दिसले आणि मग झोप आली. घरी करायला सांगितलं ते सोपं होतं : दोन बोटं कानापुढे गालावर ठेवायची, दात सुटे ठेवायचे, आणि सोसेल इतक्याच दाबाने गोल फिरवत खाली यायचं. “काका, ओठ मिटलेले असू देत. दात मात्र मिटायचे नाहीत. आणि दिवसात दात कधी कधी आवळता, ते लिहून आणा.”

लिहून आणा म्हटलं की कारकुनाला हुरूप येतो. मी वही केली. डावीकडे वेळ, उजवीकडे तपशील. आठवड्याची बेरीज आली ६१ नोंदी. त्यांत ‘लिंक गेली’ ९, ‘ही’ ५, ‘भावाचा फोन’ ३, आणि ‘साहेब’ ४४. हिशेब पैशापर्यंत जुळला.

साहेब माणूस वाईट नाही. पण त्यांना विम्याच्या पॉलिशा खपवायचं टार्गेट. पेन्शनची मंडळी ठेव मोडायला किंवा वाढवायला आली, की काचेच्या केबिनमधून ते मला मानेने खूण करत. मी पॉलिशीचा कागद पुढे सरकवायचा. मी तो सरकवत होतो आणि दात आवळत होतो. माझ्या ४४ नोंदी म्हणजे ४४ न बोललेली वाक्यं होती, हे ती वही बघितल्यावर मला दिसलं. मालिशीने गाल सैल व्हायचा रात्री, आणि सकाळी दहाला शटर वर गेलं की परत घट्ट.

परवा एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात ठेवीची पावती. काचेपलीकडून मान हलली. माझे दात नेहमीप्रमाणे एकमेकांकडे निघाले. तेवढ्यात आठवलं, दात मिटायचे नाहीत. तोंड उघडंच होतं, म्हणून त्यातून शब्द बाहेर पडले : “आजी, ठेव आहे तशी पुढे चालू करा. ह्या पॉलिशीची तुम्हाला गरज नाही.”

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते बोलत होते आणि मी त्यांच्या गालाकडे बघत होतो. कानाच्या जरा खाली तो स्नायू गोटीसारखा वर येत होता आणि जात होता. त्यांच्यावरही कुणीतरी साहेब असणार, आणि त्यांची वही माझ्याहून जाड असणार. त्यांचं बोलून झाल्यावर मी विचारलं, “सर, तुम्हाला रात्री खालची दाढ दुखते का हो?”

साहेब गप्प झाले. मग दार लोटून घेत म्हणाले, “काढायचीय पुढच्या आठवड्यात. का?”

मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांना इजिप्तपासून सांगायला सुरुवात केली.