चहाची पंगत

नोकरीनिमित्त मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे सणवार दोन प्रकारचे असतात. गणपती, दिवाळी, संक्रांत हे पंचांगातले. ते आम्ही येथील मंडळाच्या आधाराने यथाशक्ति साजरे करतो. दुसरे पंचांगात सापडत नाहीत. मुलीच्या परीक्षेचा निकाल, पत्नीचा वाढदिवस, बढतीचा हुकूम, किंवा बदली झाल्यावर त्या गावात उरलेला शेवटचा रविवार. आपल्या गावी असतो तर अशा दिवशी काका-मामा, आत्या-मावश्या जमल्या असत्या आणि पाटरांगोळी मांडून पंगत झाली असती. येथे पंगतीला माणसे कोठून आणावी? म्हणून दुपारी चारच्या सुमारास आम्ही धुवट कपडे करून गावातल्या एखाद्या जुन्या, नीटनेटक्या उपाहारगृहात जातो, कोपऱ्यातले मेज धरतो, चहा नि केक मागवतो आणि तासभर एकमेकांशी सावकाश बोलत बसतो.

या रिवाजास आम्ही पुष्कळ दिवस साहेबाची नक्कल समजत होतो. पुढे त्याचा इतिहास चाळावयास घेतला, तेव्हा ही समजूत अर्धीच खरी असल्याचे ध्यानात आले. साहेबाच्या देशातही सामान्य कुटुंबास चहाच्या मेजाशी बसावयास दोनशेंहून अधिक वर्षे लागली. आणि त्या सर्व काळात वादाचा विषय चहा हा क्वचितच होता. कोणी कोणाबरोबर बसावे, हा होता.

या कथेचा आरंभ योगायोगाने आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी १६६२ साली विवाह झाला. विवाहाच्या करारान्वये मुंबईचे बेट इंग्रजांस आंदण मिळाले. राजाने ते १६६८ साली वर्षास १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. याच राणीने माहेरची चहाची आवड इंग्लंडच्या दरबारात रूढ केली. मुंबई आणि चहा अशा रीतीने एकाच लग्नाच्या वऱ्हाडातून इंग्रजांच्या घरी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

पण दरबारातला चहा रस्त्यावर उतरावयास वेळ लागला. लंडनमध्ये १६५२ पासून कॉफीगृहे निघाली होती आणि तेथे चहाही मिळे. परंतु ती पुरुषांची बैठकस्थाने होती. व्यापारी, वकील, लेखक तेथे जमत. कुलीन स्त्रीने गिऱ्हाईक म्हणून तेथे बसण्याचा प्रघात नव्हता. घरातला चहा कुलूपबंद पेटीत राही, आणि पेटीची किल्ली घरधनिणीच्या कमरेस असे, इतका तो महाग होता. सरकारी जकात हे त्याचे मोठे कारण. १७८४ च्या कायद्याने ती सुमारे ११९ टक्क्यांवरून १२॥ टक्क्यांवर आली, तेव्हा चोरट्या व्यापाराचा कणा मोडला आणि चहा सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. कर उतरविल्याने पदार्थाचा खप किती वाढतो, याचे हे उदाहरण आमच्या अर्थखात्यातील वाचकांस परिचयाचे असेल.

कुटुंबाने मिळून चहासाठी बाहेर पडण्याची पहिली सोय केली ती अठराव्या शतकातील उद्यानांनी. लंडनजवळील रॅनेलाचे उद्यान १७४२ साली उघडले. अडीच शिलिंग प्रवेशमूल्यात चहा किंवा कॉफी आणि पाव-लोणी मिळे, वाद्यवृंद ऐकावयास मिळे, आणि मुख्य म्हणजे पती-पत्नी व मुले एकत्र हिंडू शकत. परंतु अडीच शिलिंग ही मजुराच्या एका दिवसाच्या कमाईहून मोठी रक्कम होती. १८०३ साली हे उद्यान बंद पडले.

तिसऱ्या प्रहरी चहा घेण्याची चाल बेडफर्डची डचेस ॲना हिने १८४० च्या सुमारास पाडली, असे परंपरेने सांगतात. दिवेलागणीची साधने सुधारली तसे श्रीमंतांचे रात्रीचे जेवण आठ-नऊपर्यंत लांबले आणि मधल्या वेळी पोटात कावळे ओरडू लागले. तेव्हा या बाईने आपल्या खोलीत चहा आणि पाव-लोणी मागविण्यास सुरुवात केली. मग मैत्रिणींस बोलावणे गेले आणि पाहता पाहता तो एक समारंभ झाला. पण तो झाला दिवाणखान्यातला. ज्याच्या घरी दिवाणखाना नाही, चांदीची किटली नाही, ती आणून देणारी दासी नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर एका पाववाल्या मंडळीने दिले. पिठात खमीर न घालता वायू सोडून पाव फुगविणारी ‘एरेटेड ब्रेड कंपनी’ लंडनमध्ये होती. १८६४ साली तिने आपल्या दुकानात चहा देण्यास प्रारंभ केला. ग्लासगो शहरात स्टुअर्ट क्रॅन्स्टन याने १८७५ मध्ये आणि त्याची बहीण केट क्रॅन्स्टन हिने १८७८ मध्ये चहागृहे उघडली. केटबाईंनी १९०३ साली उघडलेले ‘विलो टी रूम्स’ हे चहागृह चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश या स्थापत्यकाराने खुर्च्यांपासून खिडक्यांपर्यंत सजविलेले असून कलेच्या इतिहासात गाजले आहे. लंडनमध्ये १८९४ साली पिकॅडिली रस्त्यावर ‘लायन्स’ मंडळीचे पहिले चहागृह सुरू झाले. पुढे अशा चहागृहांची संख्या दोनशेंच्या वर गेली.

येथे दारू मिळत नसे, दर ठरलेले असत, जागा स्वच्छ असे. या तीन साध्या गोष्टींनी मोठे काम केले. बाजारास आलेली स्त्री एकटी आत जाऊन बसू लागली आणि कोणी भुवया उंचावल्या नाहीत. मताधिकारासाठी झगडणाऱ्या स्त्रियांनी आपल्या बैठका अशा चहागृहांतून भरविल्या, यात नवल नाही. सभागृहाचे भाडे वाचे आणि लोकापवादही टळे. १९०९ पासून लायन्सने ‘कॉर्नर हाऊस’ या नावाची मजल्यांवर मजले असलेली भव्य उपाहारगृहे काढली. तेथे वाद्यवृंद वाजे, संगमरवरी भिंती झळकत, आणि काळ्या पोशाखावर पांढरा एप्रन बांधलेल्या मुली लगबगीने वाढीत. १९२५ नंतर त्यांना ‘निप्पी’ हे नाव पडले. कारकुनाने, शाळामास्तराने वाढदिवशी बायकामुलांस घेऊन यावे आणि ठराविक पैशांत घटकाभर राजवाड्यात बसल्याचे सुख घ्यावे, अशी ही योजना होती. डचेसबाईंचा दिवाणखाना तासाच्या भाड्याने मिळू लागला, म्हणा ना!

एवढा पसारा सांभाळताना लायन्सच्या कचेरीस कपाकपाचा, पावापावाचा हिशेब ठेवावा लागे. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक संगणक तयार करविला आणि १९५१ साली तो बेकरीच्या हिशेबास लावला. कचेरीच्या नित्य कामासाठी चाललेला जगातील पहिला संगणक म्हणून त्याची नोंद आहे. आज ज्या यंत्रावर आमच्या फायली फिरतात, त्याचा एक पूर्वज चहागृहात जन्मला, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४० मध्ये, इंग्लंडात चहाचे रेशन सुरू झाले, माणशी आठवड्यास दोन औंस. ते १९५२ च्या ऑक्टोबरात उठले. नंतर लोकांच्या सवयी पालटल्या आणि १९७७ साली शेवटचे कॉर्नर हाऊस बंद झाले.

या मेजाची आणखी एक बाजू पाहिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. किटलीतला चहा आरंभी चीनचा होता. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये जानेवारी १८३९ मध्ये झाला आणि १८८८ साली इंग्लंडात येणाऱ्या हिंदी चहाने चिनी चहास मागे टाकले. हा चहा छोटा नागपूर वगैरे भागांतून करारावर नेलेल्या मजुरांनी पिकविला. १८६५ च्या कायद्याने मळा सोडून जाणाऱ्या मजुरास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार मळेवाल्यास दिला आणि तो १९०८ पर्यंत टिकला. लंडनच्या कारकुनाची मुले वाढदिवसाचा चहा पीत असता, त्याची पाने खुडणाऱ्या आईस स्वेच्छेने मळ्याबाहेर पडण्याचीही मोकळीक नव्हती. ज्याने चहा स्वस्त केला, त्यास पंगतीत पान मांडलेले नव्हते.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर चहाच्या एका पेल्याने सबंध शहर हादरविले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा आला. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे उपस्थित होती. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव जोशी हे मोठे खट्याळ गृहस्थ. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणविली. चाळिसांवर नावे होती. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी मंडळ नेमले गेले, ग्रामण्य माजले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या प्रकरणाची हकीकत आहे. पुढे हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत पोचलेल्या पुरुषासही एका कपाचा जाब द्यावा लागला, हे आज वाचताना हसू येते. पण ज्यांच्या घरची श्राद्धे अडली, ज्यांच्या लेकी माहेरी येईनात, त्यांस ते हसण्यासारखे नव्हते.

याच्या पुढची पायरी कोल्हापुरास घडली. राजर्षि शाहू महाराजांच्या पागेतील गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या नोकरास पाणवठ्यास शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांस भांडवल देऊन भर वस्तीत चहाचे दुकान काढावयास लाविले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजू लागले. मुंबई-पुण्यास इराण्यांची हॉटेले निघाली, त्यांनीही आपल्या परीने सोवळे सैल केले. लाकडी आडोसा घालून केलेली तेथली ‘फॅमिली रूम’ ही अनेक मराठी गृहिणींच्या दृष्टीने घराबाहेर चहा घेण्याची पहिली जागा ठरली. अखेर २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचे दार जात, धर्म वा लिंग यांमुळे कोणासही बंद राहणार नाही, असे ठरविले. राष्ट्राच्या मूळ कायद्यात हॉटेलाचा उल्लेख का यावा, असे विचारणाऱ्याने १८९० चे पुणे आठवावे, आणि त्यानंतरही गावोगावच्या चहाच्या दुकानांतून दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या आठवाव्या.

हा सारा इतिहास आम्ही ज्या एका दुपारमुळे चाळला, ती आता सांगावयास हवी.

उत्तरेकडील एका शहरात आमची नेमणूक होती. कन्येचा शालान्त परीक्षेचा निकाल लागला आणि रिवाजाप्रमाणे आम्ही चहास निघालो. त्या वर्षी आमच्या मातोश्री आमच्याकडे होत्या. जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक केलेली ही बाई. बाहेरचा चहा त्यांनी प्रवासातही घेतला नव्हता. नातीने हट्ट धरला म्हणून आल्या. खुर्चीवर अवघडून बसल्या, कप दोन्ही हातांनी धरला, आणि पहिल्या घोटानंतर म्हणाल्या, “साखर जास्त आहे, पण बरा आहे.” आम्ही सारे हसलो.

इतक्यात दारातून आमच्या कचेरीतले एक शिपाई आत आले. बरोबर पत्नी व मुलगा. मुलाच्या कपाळी ताजा टिळा होता. तोही त्याच परीक्षेस बसला होता, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांची नजर आमच्याकडे गेली. त्यांनी नमस्कार केला, पत्नीच्या कानाशी काही पुटपुटले, आणि तिघेही आल्या पावली परतले. आम्ही हाक मारू शकलो असतो. आमच्या मेजाशी दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. तिसरी मागविता आली असती. पण हाक मारावी की न मारावी, या विचारात ते रस्त्यावर दिसेनासे झाले.

मातोश्रींनी कप खाली ठेवला आणि विचारले, “आपण इथे बसलो आहोत, म्हणून ते परत गेले का रे?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते येथे लिहिण्याजोगे नाही. घटनेने दार उघडले होते. त्या गृहस्थांच्या खिशात पैसे होते, मुलगा उत्तीर्ण झालेला होता. अडथळा राहिला होता तो आमच्या मेजाचा. एका पंगतीस बसल्याबद्दल पुण्याच्या थोर पुरुषांस एके काळी प्रायश्चित्त घ्यावे लागले. आमच्यावर प्रायश्चित्ताची पाळी आली ती पंगतीस न बोलावल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. मातोश्री हट्टाने बरोबर आल्या. पेढ्याचा पुडा मुलाच्या हाती दिला, येत्या रविवारी चहास येण्याचे आमंत्रण केले. त्यांच्या पत्नीने स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. चार कप होते, ते आम्हा पाहुण्यांपुढे आले. मातोश्री म्हणाल्या, “तुमचाही आणा, म्हणजे एकदमच घेऊ.” तेव्हा बाईंनी शेजारून दोन पेले आणले.

रविवारी त्याच उपाहारगृहात आम्ही दोन मेजे जोडून घेतली.